डाव्या कडेने धावणारा

डेनिस कॉम्प्टनच्या गुडघ्याची वाटी १९५५ च्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी काढून टाकली. मोठा खेळाडू गेला की मागे त्याची बॅट जपतात, टोपी जपतात, घामाचे डाग पडलेला शर्ट काचेत ठेवतात. या माणसाचं हाड जपलं गेलं. पुढे ते लॉर्ड्सच्या संग्रहात आलं. लॉर्ड्स म्हणजे क्रिकेटची पंढरी, आणि ते हाड झिजवलं होतं फुटबॉलने.

हे कळलं तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

क्रिकेटवेड्या घरात वाढलेल्या जुन्या मराठी माणसाला कॉम्प्टन हे नाव नवं नाही. ७८ कसोट्या, ५,८०७ धावा, १७ शतकं. मिडलसेक्सचा देखणा फलंदाज, केसांना ब्रिलक्रीम चोपडून जाहिरातीतून हसणारा. पण हाच माणूस आर्सेनलचा डावा विंगर होता, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. सांगितलंच तर पुस्तकाच्या तळटीपेत. इंग्लंडच्या थंडीत फुटबॉल आणि उन्हात क्रिकेट, असं त्याचं वर्ष दोन मैदानांत वाटलेलं. १९३६ साली, अठराव्या वर्षी, उन्हाळ्यात त्याने मिडलसेक्सकडून पहिला सामना खेळला आणि सप्टेंबरात आर्सेनलकडून डर्बी काउंटीविरुद्ध उतरून पहिल्याच सामन्यात गोल केला. अठरा वर्षांचं पोरगं. त्याला दोन्ही हवं होतं, आणि तेव्हाच्या जगाने दोन्ही दिलं. मला त्याच्या शतकांपेक्षा त्या जगाचा जास्त हेवा वाटतो.

मी राहतो कामरेजला. सुरतेहून वराछाच्या अंगाने बाहेर पडत गेलं की मुंबई-अहमदाबाद महामार्ग जिथे भेटतो, ते हे गाव. तापीच्या काठचं, एकेकाळी बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखातलं, म्हणजे एका अर्थी मराठ्यांचंच. आता सोसायट्या, हिऱ्यांचे कारखाने, चौकातला न संपणारा हॉर्न. थंडीत इथल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात. ऊस तोडायला नंदुरबार-धुळ्याकडची, डांगातली माणसं येतात आणि शेताच्या बांधावर पाचटाच्या खोपी उभ्या राहतात. उन्हाळ्यात ती माणसं परत जातात. त्यांचंही वर्ष दोन जागी वाटलेलं असतं, फक्त त्यात मौज नसते.

या बाजूला आता जागोजागी टर्फं झाली आहेत. हिरवी प्लास्टिकची चटई, वर जाळी, पांढरे दिवे, तासाचं भाडं. आठ ते नऊ क्रिकेट, नऊ ते दहा फुटबॉल. पोरं बऱ्याचदा तीच असतात. दिवसभर घंटीवर हिरा घासून आलेली, मान आखडलेली. स्टंप उचलून बाजूला ठेवतात, कोपऱ्यातला बॉल घेतात आणि खेळ बदलतो. चटईखाली मात्र सिमेंट असतं. वळताना बूट अडकला की गुडघा वळत नाही, तुटतो. "लिगामेंट गयुं" हे शब्द इथे आता पानाच्या गल्ल्यावरही ऐकू येतात. कॉम्प्टन त्या पिंजऱ्यात आला असता तर दोन्ही तासांचे पैसे भरून राहिला असता. किंवा पैसे आणायला विसरला असता. दुसऱ्याचीच शक्यता जास्त.

विसरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९५५ साली मँचेस्टरच्या कसोटीला तो स्वतःचं सामान न घेताच पोचला, दुसऱ्याची बॅट मागून घेतली आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १५८ आणि ७१ केल्या. धाव घेताना तो 'ये' म्हणाला तर ती नुसती बोलणी सुरू झाल्याची खूण मानावी, असं त्याचे सोबती सांगत. सख्खा भाऊ लेस्ली, त्याच्या मदतनिधीसाठी ठेवलेल्या सामन्यात डेनिसने त्यालाच धावबाद केलं. लोक चाहत्यांच्या पत्रांचा हिशेब ठेवतात. हा पत्रं फोडतही नसे. न फोडलेल्या पाकिटांनी भरलेली बॅग एका ओळखीच्या पत्रकाराच्या हाती लागली. तिच्यात एका वृत्तपत्राचं पत्र निघालं, वर्षाला दोन हजार पौंड देतो, आमच्यासाठी लिहा. त्याच बॅगेत त्याच वृत्तपत्राचं दुसरंही पत्र निघालं, आपलं उत्तर न आल्यामुळे प्रस्ताव मागे घेत आहोत. आमच्या सुरतेत कॅरेटचा शंभरावा हिस्सा मोजून त्याचे पैसे होतात. इथे ही गोष्ट सांगितली तर लोक आधी हसतील, मग त्यांच्या पोटात दुखेल.

पण त्याने स्वतः उधळलेल्याची मला फार हळहळ वाटत नाही. ती उधळपट्टी त्याच्या खेळातच होती. पुढे सरसावून, तोल जाता जाता, पडत पडत मारलेला त्याचा स्वीप त्याच झाडाचं फळ. मला लागतं ते दुसरं. जे त्याने मनापासून खेळलं आणि जगाने मोजलंच नाही, ते.

१९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. संपलं तेव्हा सत्तावीस. पायात वीज असते ती हीच वर्षं. या वर्षांत इंग्लंडचा फुटबॉल संघ खेळत होता. लोकांना धीर यावा म्हणून स्कॉटलंडशी, वेल्सशी सामने होत होते, मैदानं भरत होती. १६ ऑक्टोबर १९४३ ला मँचेस्टरच्या मेन रोडवर इंग्लंडने स्कॉटलंडला आठ-शून्य हरवलं. तेव्हाची ती आघाडीची फळी नुसती म्हणून बघा: उजवीकडे स्टॅन्ली मॅथ्यूज, मग रेच कार्टर, मधे टॉमी लॉटन, मग जिमी हेगन, आणि डाव्या कडेला डेनिस कॉम्प्टन. इंग्रजांचे म्हातारे ही नावं देवळातल्या आरतीसारखी एका दमात म्हणत. असे बारा सामने तो इंग्लंडकडून खेळला. नंतर अधिकृत नोंदी ठरल्या आणि युद्धकाळातले सामने त्यातून वगळले गेले. इंग्लंडचा फुटबॉलपटू म्हणून डेनिस कॉम्प्टनच्या नावापुढे आजही शून्य आहे.

लेस्लीची गंमत याच्या उलट. तोही आर्सेनलचाच, बचावातला धिप्पाड गडी, आणि मिडलसेक्सचा यष्टिरक्षकही. त्याला नोव्हेंबर १९५० मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वेल्सविरुद्ध इंग्लंडची खरीखुरी टोपी मिळाली. गोलकीपर सोडला तर इतक्या उशिरा इंग्लंडकडून पदार्पण केलेला दुसरा खेळाडू नाही. धाकट्याचे बारा सामने धरले नाहीत, थोरल्याचे दोन धरले. घरी जेवायला बसताना या भावांनी त्यावरून एकमेकांची काय थट्टा केली असेल, ती ऐकायला मी काहीही दिलं असतं.

याच न मोजलेल्या वर्षांनी त्याला आपल्याकडे आणलं. १९४४ मध्ये लष्कराने त्याला हिंदुस्थानात धाडलं. मुक्काम महू, म्हणजे ज्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला ते महू. काम शिपायांकडून कवायत-कसरत करून घेण्याचं. शेजारी इंदूर, होळकरांची गादी, आणि होळकरांचा क्रिकेट संघ म्हणजे सी. के. नायडूंचं राज्य. नायडूंनी या गोऱ्या सार्जंटला संघात घेतलं. मार्च १९४५ मध्ये रणजीचा अंतिम सामना झाला ब्रेबर्नवर, समोर विजय मर्चंटची मुंबई.

त्या सामन्याचे आकडे आजही वाचताना हात थांबतो. मुंबई ४६२, होळकर ३६०. मुंबईचा दुसरा डाव ७६४, त्यात मर्चंटच्या एकट्याच्या २७८. होळकरांना जिंकायला हवे होते ८६७. असल्या आकड्यासमोर शहाणा माणूस सामान आवरायला घेतो. मुश्ताक अलीने शतक मारलं आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्टन उभा राहिला तो राहिलाच. गडी येत गेले, जात गेले. ४९२ ला डाव आटोपला तेव्हा तो २४९ वर नाबाद होता. सामना ३७४ धावांनी गेला होता.

पुढची गोष्ट तो आयुष्यभर रंगवून सांगत असे. होळकर संघाच्या बाजूचा एक धनिक व्यापारी म्हणे त्याच्याकडे आला होता: शंभरापुढच्या प्रत्येक धावेला रोख रक्कम देईन. कॉम्प्टनने शंभरापुढे एकशे एकोणपन्नास केल्या आणि परतून बघतो तो शेठजींच्या जागी चिठ्ठी. तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागत आहे, क्षमस्व. तो ही गोष्ट चिडून सांगत नसे, हसून सांगे. मला वाटतं, त्याच्या एकूण आयुष्याची वहीच त्या चिठ्ठीने सुरू होते.

कलकत्त्याचीही एक आठवण आहे. नोव्हेंबर १९४५. आझाद हिंद फौजेवरच्या खटल्यांनी शहर पेटलेलं, आणि ईडन गार्डन्सवर पूर्व विभागाकडून कॉम्प्टन ऑस्ट्रेलियाच्या सैनिकी संघाविरुद्ध खेळतोय. जमाव मैदानात शिरला. पुढारी कॉम्प्टनपाशी येऊन अदबीने म्हणाला की साहेब, तुम्ही फार छान खेळता, पण खेळ आता थांबलाच पाहिजे. समोरच्या संघात कीथ मिलर होता. हे वाक्य त्याने पकडून ठेवलं आणि पुढे कित्येक वर्षं, अ‍ॅशेसमध्ये कॉम्प्टन फलंदाजीला आला की मिलर ते त्याला ऐकवायचा. मला त्या अनाम बंगाली तरुणाचं कौतुक वाटतं. राज्य उलथवायला निघालेल्या माणसाने आधी समोरच्याच्या खेळाला दाद दिली.

मग आलं १९४७. इंग्लंडमध्ये अजून रेशनकार्डं होती, शहरांत बॉम्बचे खड्डे होते, आणि त्या एका उन्हाळ्यात कॉम्प्टनने ३,८१६ धावा केल्या, अठरा शतकांसह. दोन्ही विक्रम अजून उभे आहेत. हल्लीच्या वेळापत्रकात ते मोडणारही नाहीत. आपल्याकडे तिरंगा चढला त्याच आठवड्यात तो ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शतक ठोकत होता. त्या मोसमाबद्दल इंग्रज लेखकांनी इतकं भरभरून लिहिलंय की मी त्यात भर घालत नाही. एवढंच म्हणतो, की सप्टेंबर संपला तेव्हा कुठल्याही समंजस माणसाने पाय वर करून झोप काढली असती. हा आर्सेनलचा लाल शर्ट घालून चिखलात उतरला, आणि १९४७-४८ ची लीग आर्सेनलने जिंकली.

गुडघा कुरकुरत होता. मूळ दुखणं १९३८ मधलं, चार्ल्टन संघाच्या गोलकीपरशी झालेल्या टकरीतलं. वीस वर्षांच्या पायाने ते पोटात घातलं. तिशीच्या पायाला जमेना. सूज, पाणी काढणं, शस्त्रक्रिया, पुन्हा सूज. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. तिथे पेठापेठांत असा एक तरी माणूस भेटतो. पाटाकडील नाहीतर खंडोबा तालमीकडून शाहू स्टेडियम गाजवलेला, आता जिना उतरताना कठडा धरणारा. सामन्याचा विषय निघाला की तोच हात आपोआप गुडघ्यावर जातो.

डेनिस, तुला कुणी सांगितलं नसेल का, एक निवड म्हणून? सांगितलं असणारच. तुझ्या क्रिकेटच्या चाहत्यांनी तर हात जोडले असतील. पुढच्या पिढ्यांनी ऐकलंही. आता चौदाव्या वर्षी पोराचा एक खेळ ठरतो, पंधराव्या वर्षी त्या खेळातली जागा ठरते, आणि गुडघ्याचा विमा उतरतो. ते चूक आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माझ्या मुलाने विचारलं तर मीही त्याला एकच खेळ धर म्हणेन. पण थंडी पडल्यावर तुझे पाय फुटबॉलकडे वळले नसते तर उन्हाळ्यातला तुझा तो पडत-धडपडत मारलेला स्वीप तसाच राहिला असता, यावर माझा विश्वास बसत नाही. धडपडायचं तू दुसऱ्या मैदानावर शिकला होतास.

वाटी काढल्यावर सगळ्यांनी त्याला निरोप दिला होता. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तो ओव्हलवर ऑस्ट्रेलियासमोर पुन्हा उभा राहिला, पाय नीट वाकत नसताना, आणि ९४ केल्या. त्याच वर्षी, एक डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपला नेव्हिल डिसोझा ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवत होता. मुंबईच्या मैदानांवर तयार झालेला गोमंतकीय, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भारत चौथा आला. नेव्हिल १९८० साली पन्नाशीच्या आत गेला. तो क्रिकेटमध्ये असता तर त्याच्या नावाचा रस्ता सापडेपर्यंत पत्ता विचारावा लागला नसता. फुटबॉलमधला माणूस दोन्ही देशांत तळटीपेतच जातो; फरक इतकाच, की कॉम्प्टनकडे वरच्या मजकुरासाठी दुसरा खेळ होता.

कॉम्प्टन गेला २३ एप्रिल १९९७ रोजी, इंग्रजांच्या संत जॉर्जच्या दिवशी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत स्मरणसभा ठेवली, तेव्हा आत जायच्या पासांसाठी अशी झुंबड उडाली की अ‍ॅबीच्या लोकांनी कित्येक वर्षांत तशी पाहिली नव्हती. लॉर्ड्सवर त्याच्या नावाचा स्टँड आहे, शेजारी त्याच्या जोडीदाराचा, बिल एड्रिचचा. आणि आर्सेनलचं हायबरी? ते मैदान २००६ मध्ये बंद झालं. स्टँडचे फ्लॅट झाले, हिरवळीची बाग. आमच्या कामरेजला हे झालं असतं तर कमानीवर 'हायबरी रेसिडेन्सी' लिहून खाली दोन बीएचकेचे भाव लावले असते. तिकडेही फार वेगळं झालं नाही. ज्या डाव्या कडेवरून तो धावला तिथून आता कुणी बाबागाडी ढकलत जात असेल. मला त्याचं वाईट वाटत नाही, थोडं बरंच वाटतं. स्टँडपेक्षा बाग त्याला जास्त आवडली असती.

त्याचा नातू निक. तो इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळला ती नोव्हेंबर २०१२ मध्ये, अहमदाबादला. म्हणजे आमच्या दारावरून जो महामार्ग जातो त्याच्या वरच्या टोकाला. दुसरी खेळला मुंबईत, खालच्या टोकाला, ब्रेबर्नपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या वानखेडेवर. अहमदाबादला त्याने ९ आणि ३७ केल्या. सावध, चिवट, चेंडूच्या मागे सरळ उभा राहणारा खेळाडू. आजोबांचं त्याच्यात काही नव्हतं. समालोचक दर षटकाला आजोबांचं नाव घेत होते, क्रिकेटमधलं. आर्सेनलचा उल्लेख मी तरी ऐकला नाही.

तेव्हा तो उल्लेख मी इथे करतो.

२९ एप्रिल १९५०. वेम्बली, एक लाख माणसं, एफए कपचा अंतिम सामना, आर्सेनल विरुद्ध लिव्हरपूल. आर्सेनलने त्या दिवशी लाल सोडून सोनेरी शर्ट घातले होते. इथवर संघ आला होता तो उपांत्य सामन्यात चेल्सीशी दोन-दोन बरोबरी करून, मग पुन्हा खेळून. त्या बरोबरीतला दुसरा गोल कॉम्प्टन भावांचा होता. कॉर्नर डेनिसचा, हेडर लेस्लीचा. कप्तान जो मर्सर लेस्लीला पुढे जाऊ नको म्हणून सांगत होता आणि लेस्लीने ऐकलं नव्हतं. अंतिम सामन्याचा पहिला अर्धा डेनिसचा वाईट गेला. बत्तिसावं लागायला आलेलं, गुडघा जड, दम तुटलेला. मध्यंतरात व्यवस्थापक टॉम व्हिटेकरने त्याला सांगितलं म्हणतात, की तुझ्या फुटबॉलची आता पंचेचाळीस मिनिटं उरलीत, अंगात असेल तेवढं ओत. जुना आर्सेनलवीर अ‍ॅलेक्स जेम्सने ग्लासभर ब्रँडी पुढे केली. ती त्याने घेतली. (गुजरातेत बसून हे लिहायला परवाना लागत नसावा.)

आणि मग तो धावला. रेषेला लागून, चेंडू पायाला चिकटवून, समोरच्या बचावपटूला आत घेत आणि बाहेरून काढत, जणू १९४३ सुरू आहे आणि पलीकडच्या कडेला मॅथ्यूज आहे. आर्सेनल दोन-शून्य जिंकलं. डेनिसला पदक मिळालं. पुन्हा त्याने आर्सेनलचा शर्ट घातला नाही. काही आठवड्यांतच तो गुडघा घेऊन शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता आणि त्या उन्हाळ्याचं बरंचसं क्रिकेटही गेलं.

त्या सामन्याच्या नोंदीत गोल करणाऱ्यांच्या रकान्यात एकच नाव आहे. रेग लुईस, दोन.